सेकंडहँड टेली लेन्सच्या नावाखाली ४४,८५० रुपये गेले, आणि फसवणारा आमच्याच पक्ष्यांच्या ग्रुपमधला

आधीच सांगते, मी ओटीपी दिला नाही, कुठला क्यूआर कोड स्कॅन केला नाही, "मी आर्मीत आहे, बदली झालीय" म्हणणाऱ्या कुणाकडून काही घेतलं नाही. ते सगळे प्रकार मला माहीत आहेत, आईच्या फोनवर असले मेसेज आले की मीच तिला समजावते. मला ज्याने लुटलं तो आमच्या पक्षीनिरीक्षणाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये तीन-चार महिने होता, रोज "सुप्रभात, सुंदर फ्रेम ताई" म्हणत होता, आणि कुणी मार्श हॅरियर या शिकारी पक्ष्याचा फोटो टाकून "ही घार आहे का" विचारलं तर मादी आहे, डोक्यावरचा फिका पट्टा बघा, असं बरोबर सांगत होता. अशा माणसावर संशय कसा घ्यायचा ते मला अजूनही कुणी सांगू शकलेलं नाही.

मी नाशिकची, मेडिकल स्टोअरमध्ये फार्मासिस्ट आहे. रविवारी आम्ही पाच-सहा जण नांदूरमध्यमेश्वरला जातो, चापडगावच्या बाजूला. तिथे थंडीत थापट्या, तलवार बदकं, जांभळ्या पाणकोंबड्या भरपूर, पण सगळं लांब पाण्यात. माझ्याकडे ७०-३०० एमएमची लेन्स आहे (आकडा मोठा तितकं लांबचं जवळ येतं), त्यात बदक म्हणजे फ्रेममध्ये एक ठिपका, क्रॉप केलं की पिसं चिखलासारखी दिसतात. ज्यांना हा नाद आहे त्यांना कळेल की पाचशे एमएम नसली की हात कसे शिवशिवतात. नवी २००-५०० एमएमची लेन्स तेव्हा लाखाच्या आसपास जायची, ती मला परवडणारी नव्हती. आपल्यात सगळेच सेकंडहँड घेतात, एकाने वरची लेन्स घेतली की जुनी ग्रुपमध्येच दुसऱ्याकडे जाते, माझी ७०-३०० सुद्धा मी अशीच एका काकांकडून घेतलीय आणि त्यांनी तर पैसे दोन हप्त्यांत घेतले. म्हणून ग्रुपमध्ये "निकॉन २००-५०० द्यायची आहे, बिल बॉक्स सगळं आहे, ६२,००० सांगतोय" असा मेसेज आला तेव्हा मला त्यात वावगं काही दिसलं नाही. बोलणी होऊन ५६,००० ला ठरलं. फार स्वस्त असती तर मी सावध झाले असते. भाव अगदी बाजारातला होता, आणि हे लक्षात ठेवा, हल्ली हे लोक अर्ध्या किमतीत देतो असं म्हणत नाहीत.

तो म्हणाला बँकेत आहे, पोस्टिंग धारणीला, घर अमरावतीत. मी व्हिडिओ कॉल मागितला होता, मागितला नाही असं नाही. तर म्हणे ताई, इथे मेळघाटात साधा कॉल लागेना, व्हिडिओ कुठून लागणार. जे मेळघाटात जाऊन आलेत त्यांना माहीत आहे की तिथे रेंज खरंच जाते. त्याने अशी कारणं निवडली होती की जी आपल्याला आपल्याच अनुभवावरून खरी वाटतील.

आता तो क्षण, जो आठवला की आजही रात्री झोप उडते.

मी त्याला सॅम्पल फोटो मागितले, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नुसते नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं, कारण नुसता फोटो पाठवला की एक्झिफ डेटा (कॅमेऱ्याने फोटोतच नोंदवलेली लेन्स-सेटिंगची माहिती) उडतो, डॉक्युमेंटमध्ये राहतो. म्हणजे मी नीट तपासायलाच बसले होते. चार फोटो आले. त्यातला एक कवड्या धीवरचा, पाण्यावर एका जागी फडफडत खाली बघणारा, चोच सरळ खाली, डोळ्यात चमक, पंखातलं एकेक पीस मोजून घ्यावं असं. मी तो लॅपटॉपवर शंभर टक्के झूम करून पाहिला, कडा तपासल्या, डोळा शार्प आहे का पाहिलं. एक्झिफ उघडलं. शटर १/२५००, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्स किती उघडी ते एफ/६.३, आयएसओ ५००, फोकल लेंथ म्हणजे लेन्सचा तो एमएमचा आकडा ६००.

सहाशे. लेन्स २००-५००, ती पाचशेला संपते. त्यात सहाशे येणार कुठून? १.४ चा कन्व्हर्टर (एमएमचा आकडा १.४ पट करणारी जोडकाच) लावला तर आकडा सहाशेच्या पुढेही जाईल, पण मग ही लेन्स एफ/८ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा लहान तितकी लेन्स जास्त उघडी), आणि इथे एफ/६.३ होतं. ६०० ला एफ/६.३ म्हणजे १५०-६०० वाली लेन्स, टॅमरॉन नाहीतर सिग्मा, हे आमच्यातलं पोरगंही सांगेल. तो आकडा माझ्या समोर स्क्रीनवर होता, मी तो वाचला, आणि मनात म्हटलं की ४०० ला काढला असेल, क्रॉप बॉडी म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा आहे, दीडने गुणलं की ६०० होतात, तेच दाखवत असेल, आणि शार्पनेससाठी थोडं स्टॉप डाउन, म्हणजे लेन्स कमी उघडी, करतातच सगळे. एक्झिफमध्ये असा गुणलेला, इक्विव्हॅलंट आकडा वेगळ्या ओळीत असतो हे मला माहीत होतं. तरी पुढे गेले. तो फोटो इतका चांगला होता की मला ती लेन्स हवीच होती आणि ज्याला हवंच असतं त्याचं डोकं स्वतःच उत्तरं तयार करून देतं. दिवसभर दुकानात उभं राहून रात्री साडेअकराला हे तपासत होते, हेही लिहून ठेवते.

तुम्ही सॅम्पल मागाल तेव्हा फोकल लेंथ आणि अ‍ॅपर्चर आधी बघा, पक्षी नंतर.

५,००० टोकन दिलं. पैसे पाठवताना यूपीआयवर एका बाईचं नाव आलं, विचारलं तर "मिसेसचं अकाउंट आहे ताई, माझं सॅलरी अकाउंट आहे ना". आडनाव वेगळं होतं. लग्नानंतर आडनाव न बदलणाऱ्या बायका असतात, मी स्वतः बदललेलं नाही, तेव्हा मी काय आक्षेप घेणार होते? पण तुम्ही घ्या. नाव जुळलं नाही की थांबा, समोरच्याला वाईट वाटलं तर वाटू दे.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगचा व्हिडिओ आला. हिरव्या चटईवर लेन्स, बबल रॅप, बॉक्स, चिकटपट्टी, सगळं व्यवस्थित. ते बघून ३५,००० पाठवले, उरलेले १६,००० लेन्स हातात आल्यावर द्यायचे ठरले होते. मग कुरियरचा डॉकेट नंबर आणि ट्रॅकिंगची लिंक, ती उघडली तर हुबेहूब त्या कंपनीच्या साइटसारखी, पार्सल नागपूरला पोचलं वगैरे. (त्या पत्त्यात एक अक्षर जास्त होतं हे नंतर कळलं. कुरियरची साइट स्वतः टाइप करून उघडा, आलेल्या लिंकवरून कधीच नको.) मग मेसेज, किमती काचेचा माल आहे, ट्रान्झिट इन्शुरन्स ४,८५०, डिलिव्हरीला परत मिळेल. तेही भरले, कारण ४०,००० अडकले होते आणि ४,८५० साठी पार्सल परत गेलं तर काय, ही भीती. "रिफंडेबल" हा शब्द दिसला की समजा पैसे गेले. पुढे "स्कॅनिंग क्लिअरन्स" म्हणून ८,९०० मागितले तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि मी हात आखडला. तासाभरात तो ग्रुपमधून बाहेर, डीपी गायब, आणि माझ्या चॅटमधले त्याचे बरेचसे मेसेज डिलीट फॉर एव्हरीवन. स्क्रीनशॉट थोडेच होते. व्यवहार सुरू झाला की स्क्रीनशॉट घेत राहा, संशय यायची वाट बघू नका.

मग सुरू झाली दुसरी वणवण.

१९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावला, लागेना. एंगेज, एंगेज, मग वाजून कट. लागला तेव्हा समोरच्या मुलीने नीट ऐकून घेतलं, ते खरं आहे, यूटीआर नंबर (प्रत्येक व्यवहाराचा क्रमांक) घेतले, अ‍ॅकनॉलेजमेंट नंबर दिला. पण ४०,००० जाऊन चार दिवस झाले होते आणि पैसे त्या खात्यातून केव्हाच पुढे सरकले होते. त्या साखळीतल्या एका खात्यात ७,१४० होल्ड झाले म्हणून कळलं. तेवढेच. म्हणून सांगते, पहिल्या संशयाला १९३० लावा, मग नवऱ्याला सांगा, मग ग्रुपला, मग पोलीस स्टेशन. मी उलट्या क्रमाने गेले.

बँकेत गेले तर साहेब म्हणाले मॅडम पिन तुम्हीच टाकलाय, आमचा काही रोल नाही. मी म्हटलं, ज्या खात्यात पैसे गेले ते खातं कुठल्यातरी बँकेने केवायसी करूनच उघडलं ना? मग त्या बाईला धरा. तर म्हणे ती दुसरी बँक, दुसरं राज्य. लेखी अर्ज घ्या म्हटलं तर शिक्का मारून पोच द्यायलाही कां-कूं. पोच घ्याच, लढून घ्या, कारण तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाताना तोच कागद लागतो.

पोलीस स्टेशनला म्हणाले सायबरला जा. सायबरला म्हणाले पन्नास हजारांच्या आतलं आहे, तुमच्या स्टेशनलाच द्या. परत स्टेशन. प्रिंटआउट तीन सेट आणा, स्टेटमेंटवर बँकेचा शिक्का आणा, मग साहेब बंदोबस्तात आहेत, उद्या या. मी प्रत्येक वेळी अर्धा दिवस दुकानातून सुट्टी घेत होते. आणि त्यात समोरचा हवालदार मला विचारतो, "पक्ष्यांचे फोटो काढायला छप्पन्न हजार? मिस्टरांना माहीत आहे का?" माझे पैसे, माझ्या भिशीचे, माझ्या पगाराचे. कुणी पुरुष बाइकच्या व्यवहारात फसून आला असता तर त्याला "मिसेसना माहीत आहे का" विचारलं असतं का? मला तिथे रडू आलं आणि ते त्या माणसासमोर आलं याचा राग मला पैशांपेक्षा जास्त आहे. शेवटी ओळखीच्या वकिलांनी कागदावर लिहून दिलं, भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४) आणि आयटी अ‍ॅक्ट ६६ डी, ते टेबलवर ठेवलं तेव्हा कुठे गुन्हा दाखल झाला. सामान्य माणसाने कलमं पाठ करून तक्रार द्यायची असते हे मला माहीत नव्हतं.

त्या ७,१४० साठी मला तेव्हा कोर्टाचा आदेश आणायला सांगितलं. वकिलांची फी ५,०००. हिशोब तुम्हीच करा.

आणि आमचा ग्रुप. मी सगळं लिहून टाकलं तर अ‍ॅडमिनने मेसेज काढून टाकला, "ग्रुपचं वातावरण खराब नको, व्यवहार वैयक्तिक जबाबदारीवर" म्हणून. त्या माणसाला लिंकवरून आत घेतलं कुणी, कुणाच्या ओळखीने, ते कुणी बोलेना. मग संध्याकाळी संगमनेरच्या एका सरांचा वेगळा फोन आला. त्यांचेही १८,००० गेले होते, त्याच माणसाकडे, ट्रायपॉड आणि गिंबल हेडसाठी, माझ्या आधी. ते लाजेने गप्प बसले होते. सर वयाने मोठे आहेत, मी त्यांना काही बोलले नाही, पण फोन ठेवल्यावर मी भिंतीकडे बघत बसले होते. त्यांनी एक ओळ टाकली असती तरी माझे पैसे वाचले असते.

मूळ फोटो कुठले ते मीच शोधलं, पोलिसांनी नाही. धीवरचा फोटो रिव्हर्स सर्च केला तर फ्लिकर या फोटोंच्या साइटवर सापडला, खाली लेन्सचं नाव चक्क लिहिलेलं, टॅमरॉन १५०-६००. पॅकिंगचा व्हिडिओ नागपूरच्या एका हौशी फोटोग्राफरचा निघाला, त्यांनी दोन वर्षांपूर्वी लेन्स विकताना खऱ्या गिऱ्हाइकाला पाठवलेला. बिचारे स्वतःच हादरले. म्हणून आता कुणी व्हिडिओ पाठवला तर म्हणा, कागदावर आजची तारीख आणि माझं नाव लिहून लेन्सशेजारी ठेवा, माउंटजवळचा (लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथला) सीरियल नंबर त्याच शॉटमध्ये दाखवा, मध्ये कट नको. खरा विकणारा दोन मिनिटांत करून देतो. आणि शक्य असेल तर एसटीचं तिकीट काढा आणि जाऊन घ्या. नाशिक-अमरावती एक रात्र आहे. टॉर्च मारून आत फंगस, म्हणजे बुरशी, आहे का पाहा, स्वतःच्या कॅमेऱ्यावर लावून चार शॉट घ्या, मग पैसे द्या.

गेल्या आठवड्यात कोल्हापूरच्या मैत्रिणीने मला विचारलं, ग्रुपवर लेन्स आलीय, घेऊ का गं? व्हिडिओ पाठवला. हिरवी चटई. नंबर नवा, यूपीआयवर नाव नवं. मी तो नंबर आणि यूपीआय आयडी घेऊन पुन्हा पोलीस स्टेशनला गेले, म्हटलं चोर आत्ता चालू आहे, आत्ता पकडा. तर उत्तर मिळालं, "तुमच्या मैत्रिणीचे पैसे गेलेत का? नाही ना? मग तक्रार कशाची?" मी तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू' या तक्रार सोयीवर टाकला, सायबर पोर्टलवर संशयित म्हणून टाकला, माझ्या हातात तेवढंच होतं.

व्हिडिओ ओळखायची खूण देते, नागपूरच्या त्या सरांना विचारूनच. प्लास्टिकची हिरवी चटई, कडेला पिवळा पट्टा. ट्रायपॉड कॉलरच्या (लेन्स ट्रायपॉडवर बसवायच्या कड्याच्या) पायावर आडवा पांढरा ओरखडा. पॅकिंग करणाऱ्याच्या उजव्या मनगटात लाल दोरा. आवाज नाही, मागे फक्त पंख्याची घरघर. हा व्हिडिओ तुमच्याकडे आला तर एक रुपयाही देऊ नका, नंबरचा स्क्रीनशॉट काढा आणि ग्रुपमध्ये सगळ्यांना दिसेल असा टाका, अ‍ॅडमिनने काढला तर परत टाका.