कोस्टा रिका: पॅसिफिक किनारा की कॅरिबियन?

कोस्टा रिकाला जाताय तर आधी महिना बघा, किनारा मग ठरवा. डिसेंबर ते एप्रिल असेल तर डोळे झाकून पॅसिफिक साइड, तिथल्या ग्वानाकास्ते प्रांतात तेव्हा कडकडीत ऊन असतं आणि त्यातल्याच लिबेरिया शहराला विमानतळ आहे त्यामुळे बीच जवळ पडतात. मॅन्युएल अँतोनियो नॅशनल पार्कचं जंगलही पॅसिफिक साइडलाच, फक्त मंगळवारी बंद असतं आणि तिकीट आधीच ऑनलाइन काढा. पण या सीझनला गर्दी भरपूर आणि हॉटेलंही महाग.

सप्टेंबर-ऑक्टोबरला मात्र सगळं उलटं, पॅसिफिकला धो धो पाऊस आणि कॅरिबियन त्यातल्या त्यात कोरडं, शिवाय कॅरिबियन किनाऱ्यावरच्या तोर्तुगेरोला जुलै ते ऑक्टोबर हिरवी समुद्री कासवं रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात, ते बघायला गाईड लागतोच आणि फोटो, फ्लॅश अजिबात चालत नाही, प्लीज हे पाळा, उजेडाने ती बिचारी बिथरून परत फिरतात. तिथे रस्ताच नाही, बोट नाहीतर छोटं विमान, त्यामुळे मोठ्या बॅगा नकोत. त्याच किनाऱ्यावर खाली दक्षिणेला पुएर्तो व्हिएखो गावात नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात मिळतो, कोकणातल्या माणसाला घरचाच वाटेल. मला विचाराल तर कॅरिबियनच. त्या राजमा-भातासोबत बहुतेक चिकन असतं, व्हेजवाल्यांनी ऑर्डर देतानाच ‘सिन कार्ने, सिन पोयो’ (मटण नको, चिकन नको) असं स्पॅनिशमध्ये सांगा.