फक्त किंडल की सर्वत्र विक्री?

वर्षाला चार-पाच कादंबऱ्या स्वतःच प्रकाशित करणाऱ्या लेखकापुढे पहिला व्यावहारिक प्रश्न असतो तो ई-पुस्तक फक्त अ‍ॅमेझॉनला द्यायचे की कोबो, अ‍ॅपल बुक्स, गूगल प्ले अशा सर्व दुकानांत ठेवायचे, हा. पहिल्या पर्यायासाठी अ‍ॅमेझॉनच्या केडीपी या स्वयंप्रकाशन सेवेत ‘केडीपी सिलेक्ट’ ही योजना आहे. तिच्या ९० दिवसांच्या मुदतीत ते ई-पुस्तक (छापील प्रत नव्हे) अन्यत्र विकता येत नाही. मात्र किंडल अनलिमिटेड या अ‍ॅमेझॉनच्या वाचनसेवेच्या वर्गणीदारांनी वाचलेल्या पानांनुसार पैसे मिळतात. झपाट्याने मालिका लिहिणाऱ्याला हे विशेष मानवते, कारण पहिला भाग आवडलेला वर्गणीदार जादा खर्चाविना पुढचे सगळे भाग वाचू शकतो आणि पानांचा आकडा वाढत जातो. पानाचा दर मात्र दरमहा बदलतो, आणि तो लेखकाच्या हाती नसतो. सर्वत्र विक्रीत उत्पन्न सावकाश जमते आणि प्रत्येक दुकानाकडे वेगळे लक्ष द्यावे लागते, तरी एका कंपनीने नियम बदलले म्हणून सगळी चूल विझत नाही. भारतातील विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी, तीही ठरावीक किंमतपट्ट्यात, सिलेक्टमध्ये असल्यासच मिळते, अन्यथा ३५ टक्के. त्यामुळे मुख्यतः भारतीय वाचकांसाठी लिहिणाऱ्याने, माझ्या मते, सुरुवात सिलेक्टपासूनच करावी.