क्योतोत बिझनेस हॉटेल की ऱ्योकान?
पहिल्यांदाच जपानला निघालेली माझी मावसबहीण क्योतोतल्या मुक्कामावरून अडली आहे. बिझनेस हॉटेलची, म्हणजे कामानिमित्त फिरणाऱ्यांसाठीच्या साध्या हॉटेलची, खोली इतकी लहान असते की मोठी बॅग उघडल्यावर चालायला जागा उरत नाही. मात्र ते बहुधा स्टेशनजवळ असते आणि रात्री उशिरा परतले तरी अडत नाही. ऱ्योकानचे, म्हणजे पारंपरिक जपानी अतिथिगृहाचे, भाडे बहुतेकदा माणशी, दोन जेवणांसह आकारले जाते, त्यामुळे ते महाग पडते. शिवाय जेवणाची वेळ पाळावी लागते. शाकाहाऱ्यांची खरी अडचण तिथेच आहे, कारण भाज्यांच्या रश्श्यातही बहुधा वाळवलेल्या बोनिटो माशाचे दाशी (उकळून काढलेला अर्क) असते; आरक्षणाच्या वेळीच तसे कळवावे. गुडघेदुखी असलेल्यांना तातामीवरची (जमिनीवरच्या गवती चटईवरची) गादीही जड जाते. दिवसभर भटकणाऱ्यांनी हॉटेल घ्यावे; संध्याकाळ निवांत घालवायची असेल, तर एखादी रात्र ऱ्योकानला द्यावी.