चार दोरांचा पतंग: संच उत्तम, पण जुळणी आपल्या वाऱ्याप्रमाणे करून घ्यावी

जानेवारीत बेळगावला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय पतंग महोत्सवामुळे मोठमोठे पतंग आता आपल्याकडे नवलाईचे राहिलेले नाहीत. परंतु दोन्ही हातांत हँडल धरून, चार दोरांवर, हवा तिथे थांबवता येणारा आणि मागेही नेता येणारा पतंग स्वतः उडवणे ही वेगळीच विद्या आहे. हा प्रकार 1980 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील सॅन दिएगोच्या जो हॅड्झिकी आणि त्यांच्या भावांनी ‘रिव्होल्यूशन’ या नावाने आणला. माझा संच त्याच धर्तीचा, पण दुसऱ्या उत्पादकाचा आहे आणि भाताची कापणी झाल्यापासून मी तो बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या शिवारात नियमित उडवत आहे. पतंग मनापासून आवडावा असाच आहे. मात्र पेटीतून निघतो त्या स्थितीत तो आपल्या भागात नवशिक्याच्या हाती देण्याजोगा नाही.

बांधणीबद्दल तक्रार नाही. सव्वादोन मीटरांहून थोडी अधिक रुंदी, वरच्या कडेला तीन तुकड्यांत जोडायची कार्बनची नळी, तिला दोन उभ्या नळ्या, आणि कापडाच्या वरच्या भागात वारा जाऊ देणारी जाळी. शिवण सरळ आहे आणि कोपऱ्यांवर जाड पट्टी लावलेली आहे.

खरा प्रश्न हँडलपाशी सुरू होतो. प्रत्येक हँडलच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक दोर असतो. वरचे दोर पतंगाला पुढे खेचतात, तर खालचे दोर ओढले की तो थबकतो आणि आणखी ओढले की मागे सरकतो. फक्त डाव्या हँडलचे खालचे टोक ओढले, तर तो जागच्या जागी डावीकडे फिरतो. वरच्या टोकाला बांधलेल्या आखूड दोरीवर साधारण दोन-अडीच सेंटीमीटरच्या अंतराने गाठी मारलेल्या असतात आणि उडवण्याचा दोर त्यांपैकी एका गाठीत अडकवायचा असतो. उत्पादकाने तो हँडलच्या अगदी जवळच्या गाठीत ठेवला होता. त्यामुळे पतंग झटक्यात वर जातो खरा, पण थांबत नाही आणि डोके खाली करून जमिनीवर टेकला तर मागे उचलून घेता येत नाही. वरचा दोर एक गाठ बाहेर घेतला की हे चित्र पालटते. उलटा टेकलेला पतंग मनगट न आवळता, केवळ हँडलची खालची टोके अंगाकडे घेतल्यावर सावकाश मागे चढू लागला, म्हणजे जुळणी बरोबर झाली. याउलट, सरळ उभा पतंग जमिनीवरून उठायलाच तयार नसेल, तर दोर एक गाठ आत घ्यावा. हे पारखायला शिकणे म्हणजे निम्मा पतंग शिकणे आहे, आणि संचासोबतच्या पत्रकात याविषयी अवघ्या दोन ओळी असाव्यात, हे मला मुळीच पटले नाही.

दोरांच्या बाबतीत मात्र संच कमी पडतो. डायनीमा या कृत्रिम धाग्याचे दोर हलके आणि गुळगुळीत असतात, म्हणून पतंग दोन-चार गिरक्या घेऊन एकमेकांना पीळ पडला तरी ते घसरत राहतात आणि ताबा सुटत नाही. आपला सुती मांजा इथे उपयोगाचा नाही, कारण तो ताणतो आणि पीळ पडताच अडकतो. परंतु मला मिळालेल्या चार दोरांत चांगला चार बोटांचा फरक होता. नवे दोर ताणाखाली थोडे वाढतातच. म्हणून चारही टोके एकाच खुंटीला अडकवून, सगळे दोर सारखे खेचून, निदान वरची जोडी आणि खालची जोडी आपापसांत तंतोतंत जुळवून घ्यावी. हे न केल्यास पतंग सतत एका बाजूला झुकतो आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलाच हात चुकतो आहे. संक्रांतीच्या दिवसांत मांजाच्या पतंगांजवळ हे दोर नेऊ नयेत. डायनीमा ताणाला चिवट असला तरी घर्षणाच्या उष्णतेने वितळून पटकन तुटतो.

या पतंगांचा जन्म समुद्रकाठचा, जिथे वारा सलग वाहतो. आपल्याकडे पावसाळ्यात घाट चढून येणारा पश्चिमेचा वारा जोरदार आणि झोतांचा असतो, तर हिवाळ्यात सकाळचा पूर्वेचा वारा मंद असतो आणि ऊन तापले की अडखळतो. बेळगाव शहरातील व्हॅक्सिन डेपोच्या परिसरात झाडांमुळे तो आणखी तुटतो, म्हणून तेथे शिकू नये. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाच्या पायथ्याशी उघडे शिवार सोयीचे आहे. फक्त गड वारा येतो त्या बाजूला नसावा, आणि भाताच्या खुंटांत दोर अडकू नयेत म्हणून बांधालगतची मोकळी पट्टी निवडावी.

हिवाळ्यातच उडवणार असाल, तर बिनजाळीचा पतंग घ्या. जून ते सप्टेंबरच्या उघडिपीतही मैदानावर जायचे असेल, तर जाळीचा अधिक योग्य, कारण झोत अंगावर आला की तो हाताला एकदम हिसका देत नाही. चारही दोर मात्र शक्यतो वेगळे, चांगल्या प्रतीचे मागवावेत, आणि त्याच वेळी वरच्या कडेच्या नळीचा एक जादा तुकडाही. कापणीनंतर वाळून कडक झालेल्या शेतात पतंग नाकावर आदळला की सर्वांत आधी तीच नळी तुटते, आणि ती इथल्या बाजारात मिळत नाही.