कसारा की आंबेनळी? लाव्हा पाहायला कुठला घाट गाठावा

एकच दिवस हाताशी असेल आणि सह्याद्रीचा थिजलेला लाव्हा जवळून पाहायचा असेल, तर मी कसारा घाट सांगतो. कारण समजायला आधी हवाई बेटांवरचे दोन शब्द हवेत: पाहोएहोए आणि आआ. ही लाव्हाच्या प्रवाहाची दोन रूपं. दगड दोन्हींत बसाल्टच, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा पाषाण; फरक वाहण्यात.

लाव्हा मंद ओघाने येत राहिला की त्यावर कातडी धरते. तापल्या दुधावरची साय भांडं कलतं केल्यावर सुरकुतते ना, तसे दोरखंडासारखे पीळ पाहोएहोएवर पडतात. कातडीखाली ऊब टिकते. कड फुटून एक गुबगुबीत बोट बाहेर येतं, थिजतं, शेजारून दुसरं फुटतं. आतून लाव्हा येतच राहिला तर वरचं कवच फुगून उचललं जातं. १९९० मध्ये हवाईतलं कलापना गाव असंच हळूहळू गाडलं गेलं.

उतार तीव्र किंवा ओघ जोराचा असेल आणि लाव्हा निवत, स्फटिक धरत दाट झाला असेल, तर कातडीच्या चिंध्या होतात. ही धारदार खडी पुढून कोसळते आणि प्रवाह तिच्यावरच चढतो. हा आआ. १९८४ साली हवाईतल्या मौना लोआ ज्वालामुखीतून हिलो शहराकडे निघालेले प्रवाह या जातीचे. पाहोएहोएचा वाटेत आआ होऊ शकतो, उलटं सहसा घडत नाही.

कसाऱ्यात सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची पाहोएहोएची बोटं गोधड्यांसारखी एकावर एक रचलेली आहेत. एखाद्या बोटाच्या तळाशी वाकून बघा. पेन्सिलीएवढ्या उभ्या नळ्या दिसतील, पुष्कळदा झिओलाइट या पांढऱ्या खनिजाने भरलेल्या. वायू वर निसटताना झालेल्या या वाटा! मला अजूनही त्या सापडल्या की हात लावल्याशिवाय राहवत नाही.

पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळीत प्रवाह जाडजूड, सलग आणि मधेमधे गेरूसारखे लाल मातीचे थर. भव्यता हवी असेल तर हाच घाट. मात्र लाव्हा कसा सरकला हे नवख्याला इथे चटकन उमगत नाही. पावसाळ्यात दोन्हीकडे दरडींचा धोका असतो, हिवाळाच बरा.

आंबेनळीत प्रवाहाच्या माथ्यावर खडी दिसली की लगेच आआ म्हणू नका, खरा आआ सह्याद्रीत क्वचितच सापडतो. तळाशीही तशीच खडी आहे का ते बघा. नसेल, तर तो वरचं कवच फुटलेला पाहोएहोएच.