सी-व्हिजिल ॲप वापरून बघितलं: भिंतीवरच्या कागदाला उत्तम, मोबाइलमधल्या खोट्या जाहिरातीला अपुरं

आचारसंहिता मोडल्याची तक्रार करायचं निवडणूक आयोगाचं हे ॲप मी मध्य प्रदेशात २०२३ च्या विधानसभेला वापरलं. मतदान १७ नोव्हेंबरला होतं म्हणजे ऐन दिवाळीत प्रचार, आणि आमच्या इंदूरच्या रामबागच्या गल्लीत एका सकाळी विजेच्या खांबांवर कागद चिकटवलेले दिसले, अमुक उमेदवार आला तर लाडली बहनाचे, म्हणजे राज्य सरकार बायकांना दरमहा देतं ते, पैसे बंद होणार म्हणून, मोठ्या लाल अक्षरात, आणि खाली ना छापणाऱ्याचं नाव ना छापून घेणाऱ्याचं. हे नाव टाकणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७-अ प्रमाणे सक्तीचं आहे, नाही टाकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरळ फोटो काढला, लोकेशन ॲप स्वतःच घेतं, दोन ओळी लिहिल्या आणि पाठवलं. तासाभरात उडनदस्ता, म्हणजे भरारी पथक, आला, खांबांवरचे कागद सोलून काढले, त्यांचेही फोटो घेतले. शंभर मिनिटांत निकाल लावायचा असा यांचा नियम आहे, पाच मिनिटांत तक्रार पथकाकडे, पंधरा मिनिटांत पथक जागेवर वगैरे, आणि माझ्या वेळेस तरी काम चोख झालं. नाव न देताही तक्रार करता येते, फक्त मग पुढे काय झालं ते कळत नाही. म्हणून मी नाव दिलं.

आता अडचण. तोच मजकूर शेजारच्या मावशींच्या व्हॉट्सॲपवर व्हिडिओ होऊन आला, मागे बातम्यांसारखं म्युझिक, आणि मावशी खरंच घाबरल्या होत्या की आपले पैसे गेले. हा व्हिडिओ ॲपवर टाकायचा कसा? गॅलरीतलं काही जोडताच येत नाही, तिथल्या तिथे कॅमेऱ्याने काढलेलंच चालतं. जुने फोटो फिरवून खोट्या तक्रारी होऊ नयेत म्हणून तसं केलंय आणि ते बरोबरच आहे, पण फसवणारा प्रचार आता खांबावर कमी आणि फोनमध्ये जास्त असतो हो!

नियम अगदीच नाहीत असं नाही. टीव्हीवरच्या राजकीय जाहिरातीला आधी आयोगाच्या समितीचं प्रमाणपत्र लागतं, सुप्रीम कोर्टाच्या २००४ च्या आदेशापासून, आणि २०१३ पासून सोशल मीडियावरच्या जाहिरातींनाही. पेपरात मात्र फक्त मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी. पण पैसे न देता फॉरवर्ड होत फिरणारा व्हिडिओ या चाळणीत येतच नाही. साबण-तेलाच्या जाहिरातीत खोटं असेल तर ॲस्कीकडे, म्हणजे जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन संस्थेकडे, तक्रार करता येते, राजकीय जाहिरात त्यांच्या कक्षेबाहेर. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(४) आहे, पण ते उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याबद्दल किंवा उमेदवारीबद्दल खोटं बोललं तर, आणि तेही निकालानंतर ४५ दिवसांत हायकोर्टात याचिका करून सिद्ध करायचं. योजना बंद होणार ही थाप त्यात बसवणार कुठे? मला याचाच सगळ्यात जास्त राग येतो, कारण ज्या बाईचं घर त्या पैशावर चालतं तिला भीती घालून मत फिरवलं जातं आणि त्याला विचारणारं कोणी नाही.

२०२४ च्या लोकसभेला ६ मे रोजी आयोगाने पक्षांना सांगितलं की डीपफेक, म्हणजे एआयने बनवलेले खोटे व्हिडिओ-आवाज, लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा. चांगलं पाऊल, पण आपल्या इंदूरचं मतदान १३ मे ला, म्हणजे जेमतेम आठवडा आधी, आणि देशात तोवर दोन टप्पे होऊनही गेले होते.

ॲपमध्ये मला एवढंच हवंय: जाहिरातीची लिंक किंवा आलेला व्हिडिओ टाकायची सोय, आणि त्यावर उत्तर यावं की याला प्रमाणपत्र आहे की नाही, असेल तर कोणाच्या नावाने.

पाचपैकी साडेतीन स्टार. पोस्टर, दारू, पैसेवाटप, रात्री उशिरापर्यंत भोंगे, यासाठी बिनधास्त वापरा. आचारसंहिता लागली की मगच तक्रार घेतं, आणि फोटो काढायच्या आधी जीपीएस चालू करा.