अवयव पाडायला टाइल्स: घ्याच, पण आधी पट्टी मोजा

लेक आठवीत आहे आणि बैजिक राशींचे अवयव (म्हणजे एक्स वर्ग + ५एक्स + ६ सारखी राशी दोन कंसांचा गुणाकार म्हणून लिहायची) सुरू झाल्यापासून रोज संध्याकाळी घरात रडारड. गुणाकार सहा आणि बेरीज पाच येणाऱ्या दोन संख्या सांग म्हटलं की २ आणि ३ पटकन सांगायची, पण त्या शोधायच्या कशाला हे तिला कळत नव्हतं आणि मलाही सांगता येईना, आम्हीपण शाळेत ते नुसतं पाठच केलेलं. म्हणून हा फोमच्या टाइल्सचा सेट ऑनलाइन मागवला, साडेचारशेला पडला.

मोठा चौरस म्हणजे एक्स वर्ग, लांब पट्टी म्हणजे एक्स, छोटा चौकोन म्हणजे १. मागची बाजू लाल, ती वजा. एक्स वर्ग + ५एक्स + ६ साठी एक मोठा, पाच पट्ट्या, सहा छोटे घ्यायचे आणि सगळे वापरून पूर्ण आयत करायचा, कुठे खाच राहता कामा नये. पोरीने आधी चार पट्ट्या उजवीकडे आणि एक खाली लावली, कोपऱ्यात चारच छोटे मावले, दोन हातात उरले. मग तीन आणि दोन केल्या तर सहाच्या सहा फिट्ट बसले! "बाबा, ही बाजू एक्स अधिक तीन, ही एक्स अधिक दोन!" अहो आयताच्या बाजू म्हणजेच अवयव, हे मला चाळिशीत दिसलं. नंतर तिने आपणहून एक छोटा काढून ५ ठेवले आणि काही केल्या आयत होईना, तेव्हा प्रत्येक राशीचे असे अवयव पडत नाहीत हेही कळलं.

आता तक्रार. यातली एक्सची पट्टी बरोबर पाच छोट्या चौकोनांएवढी आहे. दुसऱ्याच दिवशी लेक म्हणाली एक्स म्हणजे ५ ना. चांगल्या सेटमध्ये पट्टी मुद्दाम पूर्ण पटीत ठेवत नाहीत, कारण एक्स कितीही असू शकतो. विक्रेत्याला लिहिलं तर सेट असाच येतो एवढंच उत्तर, शेवटी मीच सगळ्या पट्ट्या आणि मोठे चौरस कात्रीने थोडे थोडे कापले.

सोबतच्या कागदावर वजाचं धड काही नाही. एक्स वर्ग + एक्स − ६ मांडलं की आयत होतच नाही, त्यात दोन साध्या आणि दोन लाल पट्ट्या टाकाव्या लागतात, त्यांची बेरीज शून्य म्हणून चालतं. म्हणजे एक्सच्या जागी ३एक्स − २एक्स, हीच ती मधल्या पदाची फोड! हे आम्हाला दोन संध्याकाळी घालवून सापडलं.

छोटे तुकडे ३०च आहेत त्यामुळे एक्स वर्ग + १४एक्स + ४८ सारख्याला पुरत नाहीत, पण तोवर लेक वहीत चौकट आखून त्यात ६ आणि ८ लिहायला लागली होती.